बिऱ्हाड, वाडा आणि गावकूस

वसतिगृहाच्या प्रवेश-अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा एक रकाना असतो. काही वर्षांपूर्वी पाचवीच्या प्रवेशासाठी आलेल्या एका धनगर मुलाने तो रकाना स्वतःच्या हाताने भरला. गावाचे नाव लिहून त्याने पुढे ‘पावसाळ्यात’ असे लिहिले आणि खाली उरलेल्या जागेत ‘दिवाळीनंतर गोदाकाठ, संक्रांतीनंतर चारा असेल तिकडे’ अशी भर घातली. अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्याला पुढचा सारा मजकूर खोडायला लावला व फक्त गावाचे नाव ठेवले. शासनाला एकच पत्ता लागतो, असे त्याला समजावूनही सांगितले. मुलाने निमूटपणे खोडले. पुढे कित्येक दिवस मला वाटत राहिले की, त्या अर्जातील खरी माहिती नेमकी मी खोडून टाकली.

मी इतिहासाचा शिक्षक. ‘मनुष्य प्रथम भटका होता, मग त्याने पशू माणसाळवले, मग त्याला शेतीचा शोध लागला आणि तो गाव करून राहिला’ हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा उच्चारले आहे की, ते निसर्गनियमासारखे वाटू लागावे. या वाक्यानुसार भटके म्हणजे मागे राहिलेले आणि गावकरी म्हणजे पुढे गेलेले. आपल्या बीड जिल्ह्यात मात्र दरवर्षी हजारो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कडी लावून निघतात व उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. कोणी मेंढरांमागे जातात, कोणी कोयता घेऊन उसाच्या फडात जातात. त्यांना इतिहासाच्या कोणत्या पायरीवर बसवावे? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे ठरवले आहे.

मेंढरांच्या चालण्याचे शास्त्र

धनगर भटकतात म्हणजे वाट फुटेल तिकडे जातात, असा गावकऱ्यांचा समज असतो. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. त्यांच्या चालण्यामागे पाऊस, पीक आणि मेंढीचे शरीर या तिहींचा पक्का हिशेब असतो.

दख्खनी मेंढी हे कोरड्या माळाचे जनावर आहे. सतत ओल असलेल्या, चिखलाच्या जमिनीत तिचे खूर सडतात व रोग पसरतो. म्हणून पावसाळ्यात तिला सह्याद्रीच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पठारावर ठेवावे लागते. आपल्याकडे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटाच्या माथ्यावरचा पट्टा पर्जन्यछायेत येतो. शेती करणाऱ्याला हा पट्टा शाप वाटतो. मेंढपाळाला मात्र पावसाळ्याचे चार महिने त्याच्यासारखे दुसरे घर नाही. पाऊस सरला, माळावरचे गवत वाळले की, तेथे कळपाचे पोट भरत नाही. त्याच सुमारास खालच्या काळ्या जमिनीत खरिपाची काढणी झालेली असते. वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांवर पाला असतो, रानात धसकटे व बांधावर गवत असते. मेंढरे तेथे उतरतात. पश्चिम महाराष्ट्रातील पुष्कळ धनगर याच न्यायाने घाट उतरून कोकणात भाताच्या खाचरांत जातात आणि पहिल्या पावसाआधी पुन्हा घाट चढतात.

जाताना ते एकटे नसतात. काही कुटुंबे मिळून एक वाडा होतो. वाड्याला एक जाणता माणूस असतो. कोणत्या शिवारात किती दिवस थांबायचे, कोणाशी बोलणी करायची, हे तो ठरवतो. संध्याकाळी मेंढरे शेतात बसवली जातात व भोवती वाघर, म्हणजे सुतळीची जाळी, लावली जाते. एका रात्रीत त्या तुकड्यावर लेंड्या व मूत्र यांचे जे खत पडते, ते शेतकऱ्याला विकत घ्यायचे तर गाड्या भरून आणावे लागले असते. त्याच्या मोबदल्यात पूर्वी धान्य मिळे. आता बहुतेक ठिकाणी रोख रक्कम ठरते. तेव्हा धनगर शेतकऱ्याच्या रानात फुकट चारतो, हे म्हणणे बरोबर नाही. तो चारा घेतो आणि जमिनीला कस देतो. दख्खनच्या कोरडवाहू शेतीचा तो शतकानुशतकांचा भागीदार आहे, फक्त सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही.

या व्यवस्थेत बायकांचा वाटा सर्वांत मोठा व सर्वांत कमी सांगितला जाणारा आहे. मेंढरांमागे पुरुष जातो, पण वाडा हलवते ती बाई. पहाटे भाकरी थापायच्या, भांडी, धान्य, वाघर, कोंबड्या, आजारी कोकरू आणि तान्हे मूल हे सारे घोड्यावर लादायचे, पुढच्या मुक्कामी जाऊन पाणी शोधायचे, तीन दगडांची चूल मांडायची. आता काही वाड्यांबरोबर टेम्पो आले, घोडी कमी झाली. चूल मांडणारे हात तेच राहिले. बाळंतपणेही वाटेवर होतात. लसीकरणाचे कार्ड एका जिल्ह्यात व मूल दुसऱ्या जिल्ह्यात, ही तर नेहमीची गोष्ट.

लोकरीचे अर्थकारण मात्र जवळजवळ बुडाले आहे. दख्खनी लोकर जाडीभरडी, काळी. तिच्यातून सनगरांनी विणलेली घोंगडी एकेकाळी प्रत्येक शेतकऱ्याच्या खांद्यावर असे. गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आल्यावर ती मागणी आटली. आज कळप टिकून आहेत ते मांसाच्या भावावर.

इनामगाव, धनिय आणि वर्षावास

आता इतिहासाकडे वळतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तेथे अनेक वर्षे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास तेथे शेतकरी वस्ती झाली. इ. स. पूर्व १४०० ते १००० या काळात, ज्याला पूर्व जोर्वे काळ म्हणतात, तेथे मोठी चौकोनी घरे होती, धान्याची कोठारे होती, पुराचे पाणी वळवण्यासाठी पाटही होता. त्यानंतरच्या थरात, इ. स. पूर्व १००० ते ७०० या काळात, ही चौकोनी घरे नाहीशी होऊन लहान गोल झोपड्या दिसू लागतात. डॉ. म. के. ढवळीकर यांनी याचा अर्थ असा लावला की, हवामान कोरडे होत गेले, शेती पिकेना, तेव्हा लोक शेळ्या-मेंढ्यांवर अधिक विसंबून राहू लागले व निमभटके झाले. अखेर इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ती वस्ती उठली.

या पुराव्याचे महत्त्व ध्यानी घ्यावे. येथे शेतकरी पशुपालक झाले आहेत. म्हणजे भटकेपणा ही मानवाची बालावस्था नसून दुष्काळाला दिलेले एक शहाणपणाचे उत्तर असू शकते. ज्याची संपत्ती जमिनीत पुरलेली असते तो दुष्काळात जागीच मरतो. ज्याच्या संपत्तीला पाय असतात तो तिला घेऊन पाण्याकडे जातो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आपल्या ज्येष्ठांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. वर्गात मी जे वाक्य शिकवीत आलो, ते म्हणूनच दुरुस्त करायला हवे. माणसे भटकी होती, स्थिर झाली, पुन्हा भटकी झाली, पुन्हा स्थिर झाली, आणि पुष्कळदा एकाच वर्षात दोन्ही होती.

पुण्याच्या परिसरात पायी हिंडून इतिहास शोधणारे गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी (बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे ते चिरंजीव) यांना धनगरांच्या वाटांवर अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे सापडत गेली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, मातृदेवतांची जुनी ठाणी आणि कार्ल्यासारखी बौद्ध लेणी या प्राचीन वाटांच्या आसपास आहेत. आधी पशुपालकांच्या वाटा पडल्या, त्यांवरून व्यापारी तांडे गेले आणि त्यांच्या मागोमाग भिक्खू गेले. आपण लेण्यांच्या सहली काढतो तेव्हा ज्या घाटवाटा चढतो, त्या मेंढरांच्या खुरांनी पाडलेल्याही असू शकतात.

तथागतांच्या वाङ्मयातही पशुपालक आहेत. सुत्तनिपातातील दुसरेच सुत्त धनिय गोपाचे आहे. मही नदीच्या काठी राहणारा धनिय आपल्या शाकारलेल्या कुटीचा, पेटलेल्या चुलीचा, दुभत्या गाईंचा अभिमान सांगतो, आणि भगवान बुद्ध त्याला आपल्या उघड्या, निर्मम मुक्कामाचा अर्थ सांगतात. त्या सुत्ताच्या अट्ठकथेत गोपालकांविषयी एक वाक्य येते, त्याचा आशय असा : हे लोक एका जागी कायम राहणारे नसतात, पावसाळ्याचे चार महिने ते उंचवट्यावर राहतात व उरलेले आठ महिने जेथे चारा-पाणी सुखाने मिळेल अशा नदीकाठी वा तळ्याकाठी राहतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या पाली टीकेतील हे वर्णन बालाघाट व गोदाकाठ यांना जसेच्या तसे लागू पडावे, याचे मला प्रथम वाचले तेव्हा फार आश्चर्य वाटले. माझ्या विद्यार्थ्याने प्रवेश-अर्जात लिहिले होते ते हेच.

संघाची रीतही याहून फार निराळी नव्हती. भिक्खूंनी बहुजनांच्या हितासाठी सतत चारिका करावी, दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असा तथागतांचा आदेश होता. पावसाळ्यातही भिक्खू हिंडत राहिले तेव्हा ते कोवळे गवत व लहान जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार आली, आणि वर्षावासाचा नियम झाला. आज आपण आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतो, त्याचे मूळ या मुक्कामात आहे. पुढे मुक्कामाच्या जागांचे विहार झाले, विहारांची विद्यापीठे झाली. चालणे आणि थांबणे यांत एक श्रेष्ठ व दुसरे हीन, असा भेद धम्माने केलेला दिसत नाही.

बाबासाहेबांचे प्रमेय

या विषयाचा आपल्याशी असलेला सर्वांत जवळचा संबंध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात आहे. तो ग्रंथ आपण ‘वाताहत झालेले लोक’ या सिद्धान्तासाठी वाचतो. त्याचा प्रारंभ मात्र भटक्या पशुपालकांपासून होतो, हे सहसा लक्षात राहत नाही. बाबासाहेब म्हणतात ते थोडक्यात असे. आदिम समाज टोळ्यांचा होता व त्याची संपत्ती म्हणजे गुरे. गुरे जिकडे जातील तिकडे टोळी जाई. पुढे काही टोळ्यांना जमीन ही नवी संपत्ती गवसली व त्या स्थिर झाल्या. सर्व टोळ्या एकाच वेळी स्थिर झाल्या नाहीत. भटक्या राहिलेल्या टोळ्या स्थिर झालेल्यांवर हल्ले करीत, आणि शेतीत गुंतलेल्यांना सतत शस्त्र घेऊन उभे राहणे शक्य नव्हते. टोळीयुद्धांत पराभूत होऊन विखुरलेल्या लोकांना आसरा हवा होता. गावाला रक्षक हवे होते, विखुरलेल्यांना अन्न व निवारा हवा होता. तडजोड झाली, परंतु ते परक्या रक्ताचे म्हणून त्यांना गावात नव्हे, गावाच्या सीमेवर जागा मिळाली. आयर्लंड व वेल्स येथील जुन्या कायद्यांतूनही त्यांनी असेच दाखले दिले आहेत. त्यांच्या मते अस्पृश्यता ही त्यानंतर कित्येक शतकांनी, बौद्ध धम्माविषयीचा द्वेष व गोमांसभक्षण या कारणांनी, या सीमेवरच्या लोकांवर लादली गेली.

प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे की, पुराव्याचे तुटलेले दुवे जोडण्यासाठी त्यांना तर्क व कल्पना यांचा आधार घ्यावा लागला. इनामगावचे उत्खनन तेव्हा झालेले नव्हते. भटकेपणाकडून स्थिरतेकडे जाणारी एकच सरळ वाट त्या काळच्या मानववंशशास्त्राने गृहीत धरली होती, ती आज आपण जशीच्या तशी स्वीकारू शकत नाही. मात्र त्यांच्या मांडणीतील मर्म त्यामुळे ढळत नाही. गाव ही निसर्गाने उगवलेली वस्तू नाही, गावकूस कोणी तरी घातले आहे, आणि त्याच्या आत-बाहेर कोण, हे सत्तेने ठरवले आहे, हे ते मर्म होय. त्याच प्रस्तावनेत ते अस्पृश्यांबरोबरच आदिवासी व गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचाही उल्लेख करतात. हे सारे एकाच समाजव्यवस्थेचे बळी आहेत, हे त्यांनी तेव्हाच पाहिले होते.

गावकुसाबाहेर असे दोन प्रकारचे लोक राहिले. एकांना जागा सोडण्याची मुभा नव्हती, दुसऱ्यांना थांबण्याची. माझे आजोबा निजामी अमलात गावाचे येसकर होते. धनगरांचा वाडा शिवारात आला की, तो कोठे बसवायचा हा पाटलाचा निरोप घेऊन तेच जात. ते सांगत की, वाडा उघड्या माळावर, त्याला ना दार ना उंबरा. तरी भाकरी त्यांच्या हातावर वरूनच टाकली जाई. भिंत नसलेल्या माणसालाही जातीची भिंत घालता येते, हे मी पुस्तकात वाचण्यापूर्वी आजोबांकडून ऐकले. ही आठवण मी कटुतेने सांगत नाही. आज त्याच माळावरच्या मुलांना व माझ्या नातवंडांना एका पंगतीत जेवताना पाहतो म्हणून सांगतो.

राज्यसत्तेला फिरता माणूस नेहमीच संशयास्पद वाटत आला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांची हजेरी सुरू केली, सोलापुरासारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, ते विमुक्त झाले. पारध्यांवरचा संशय अजून सुटलेला नाही. बळजबरीच्या स्थिरतेचे सर्वांत भयंकर उदाहरण सोव्हिएत राजवटीतील कझाकस्तानचे आहे. १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत तेथील पशुपालकांची गुरे सामूहिक शेतीसाठी हिसकावून त्यांना सक्तीने वसवण्यात आले. दुष्काळ व उपासमार यांत दहा लाखांहून अधिक माणसे मेली. स्थिर करणे म्हणजे सुधारणे, हा भ्रम केवढी किंमत घेऊ शकतो, याची ती साक्ष आहे. उलट बाजूही सांगायला हवी. आपल्याच सीमेलगत, जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई एका धनगर कुटुंबातील होत्या. पशुपालकांमधून राज्यकर्ते झाले, आणि राज्यही त्यांनी चांगले केले.

गायरान कोणाचे?

मेंढपाळांच्या वाटा आज चहूकडून आखडल्या आहेत. जायकवाडी व माजलगावच्या कालव्यांनी गोदाकाठी बारमाही पिके आणली. ऊस वर्षभर उभा. मग रान मोकळे केव्हा होणार? कापसावर इतकी औषधे फवारली जातात की, पाला खाऊन मेंढरे दगावण्याची भीती असते. वनखात्याची कुरणे बंद आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे, पण जो एका गावात सलग राहत नाही त्याने तो हक्क कोणत्या ग्रामसभेपुढे मागावा, हा पेच आहे.

उरते ते गायरान, आणि येथे आपल्याला स्वतःकडे पाहावे लागते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली व पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात पडीक व गायरान जमिनी कसून आपल्या माणसांनी पोट भरले, मार खाल्ला, तुरुंग सोसला. बीड जिल्ह्यातीलच एकनाथ आवाड यांनी या लढ्याला आयुष्य वाहिले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारली, त्यांनी गायरान कसणे हा न्याय होता, असेच मी मानतो. तरीही त्याच गायरानावर मेंढपाळ वर्षातून काही दिवस विसावत असे, हे सत्य नाकारता येत नाही. गरिबाने गरिबाची जागा घ्यावी अशी परिस्थिती कोणी निर्माण केली? ज्यांच्याकडे शेकडो एकर होते त्यांचे बांध सुरक्षित राहिले, आणि झगडा लागला तो पट्टेदार व मेंढपाळ यांच्यात. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह प्रकरणात २०११ साली सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, त्यात भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना शासकीय आदेशाने मिळालेल्या जमिनींसाठी अपवादाची वाट ठेवली आहे. फिरत्या कळपांसाठी कोणीच वाट ठेवली नाही. काही गावांत पट्टेदार बौद्ध कुटुंबे पीक निघाल्यावर मेंढरे आपल्या रानात बसवून घेतात, त्यांना खत मिळते व वाड्याला मुक्काम. मला या साध्या देवघेवीत परिषदांमधील ठरावांपेक्षा अधिक अर्थ दिसतो.

कागदांचा प्रश्न तर शाळेच्या दारातच उभा राहतो. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. ज्यांची व्याख्याच ‘भटके’ अशी आहे, त्यांनी त्या दिवशी आपले आजोबा कोठे राहत होते हे कागदाने सिद्ध करायचे! धनगर भटक्या जमाती ‘क’ गटात आहेत व त्यांना साडेतीन टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जमातीत समावेशाची त्यांची मागणी हा स्वतंत्र, मोठा विषय आहे; त्यात येथे शिरत नाही.

ऊसतोडीविषयी दोन शब्द. तेही दिवाळीच्या आगेमागेच निघतात, तेही पालात राहतात, त्यांचीही मुले वाटेवर वाढतात. वंजारी, बंजारा, बौद्ध, मातंग, धनगर, मराठा अशा सर्व जातींची माणसे त्यांत आहेत. पण दोन्ही चालण्यांत मोठा भेद आहे. मेंढपाळ आपली संपत्ती पुढे घालून चालतो व कोठे वळायचे ते स्वतः ठरवतो. तोडणीवाले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी जातात आणि कोणत्या कारखान्यावर जायचे हे ती उचल ठरवते. एक चालणे कसबाचे आहे, दुसरे कर्जाचे. सरकारी अहवालांत दोघांनाही ‘स्थलांतरित’ या एकाच शब्दाने संबोधतात. मेंढरे विकावी लागलेले धनगर कुटुंब पुढच्या हंगामात कोयता घेते, तेव्हा कागदोपत्री काहीच बदललेले नसते.

शाळा

गावातल्या हंगामी वसतिगृहांची सोय ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी झाली, भटक्या जमातींच्या आश्रमशाळा झाल्या, या गोष्टी उपयोगाच्या आहेत. तरी निवासी शाळा ही मुलाला त्याच्या वाड्यापासून तोडते, हेही मान्य करायला हवे. सुटीत घरी गेलेला मुलगा मेंढरू ओळखेनासा होतो, वडिलांना त्याची लाज वाटते व त्याला वडिलांची. आपल्या शाळेतून शिकून गेलेले काही धनगर विद्यार्थी आज शिक्षक, पोलीस, पशुधन पर्यवेक्षक आहेत. त्यांतील एक जण मला म्हणाला, “सर, आजारी मेंढरू मला पुस्तकाने नाही, आजीने ओळखायला शिकवलं, पुस्तकाने फक्त रोगाचं नाव दिलं.” तेव्हापासून आठवीच्या भूगोलाला मी ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर शिकवताना नकाशा फळ्यावर काढत नाही. ज्या मुलांचे वाडे बाहेर आहेत, ती मुले काढतात. मुक्काम, पाणवठे, कोणत्या गावात हाकलून देतात व कोणत्या गावात ताक मिळते, हे सारे त्या नकाशावर येते. इतर मुलांना तो धडा समजावून सांगावा लागत नाही.

एक अडचण मात्र जशीच्या तशी आहे, आणि माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ती ठेवण्यासाठीच या स्मरणिकेत लिहिण्याचे मी कबूल केले. दिवाळीची सुटी लागते तेव्हा वसतिगृह बंद होते. नेमक्या त्याच दिवसांत वाडे गोदाकाठी उतरलेले असतात व टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असतात. मुलांना घरी पाठवायचे, तर घराला कडी असते. काही मुले म्हाताऱ्या आजीकडे राहतात, काही बसने वाडा शोधत जातात, आणि दरवर्षी दोन-चार मुले सुटी संपल्यावर परत येत नाहीत. ती बहुधा फडावर राहिलेली असतात. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला. सुटीतही वसतिगृह चालू ठेवायचे, तर एक स्वयंपाकी, एक अधीक्षक, एक महिला मदतनीस आणि तीन आठवड्यांचा शिधा लागतो. सुटीतल्या दिवसांना अनुदान नाही. मागील वर्षी चार शिक्षकांनी पाळीपाळीने मुक्काम करून बारा मुलांना ठेवून घेतले. त्या बाराही मुलांची नावे दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी हजेरीपटावर होती.